मुबीनाभाभींनी भरलेली कॉईल

मुबीना मुकादम हे नाव पनवेलमध्ये फारसं कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण उरण नाक्यावरून न्हावा शेव्याकडे किंवा तळोज्याकडे रोज जाणाऱ्या कितीतरी मोटारसायकलींच्या पोटात या बाईंच्या हातचं काम वर्षानुवर्षं फिरत होतं. ज्यांच्या गाडीत ते होतं त्यांनाही त्याचा पत्ता नसायचा. मलाही नव्हता. माझी गाडी सारखी बंद पडायला लागली, म्हणून मला त्या माहीत झाल्या.

मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात हिशेब बघतो. दोन हजार पाच सालची गोष्ट. पनवेलहून मी मोटारसायकलने जायचो. कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत जाताना हॉर्न वाजला नाही तर जिवावर बेतेल असा तो रस्ता. आणि माझ्या गाडीचा हॉर्न दुपारनंतर मांजरासारखा केविलवाणा व्हायचा. इंडिकेटर डोळे मिटायचे. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली. महिन्याभरात ती उतरली. त्याने दुसरी दिली. तीही उतरली. मग कोणीतरी मला उरण नाक्याजवळच्या फारूक मुकादम यांच्या टपरीचा पत्ता दिला.

फारूकभाई उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल खोवलेले गृहस्थ. मी सगळी हकीगत क्रमाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, टाकीत पाणी नाही म्हणून तुम्ही टाकी बदललीत. पुन्हा पाणी नाही, पुन्हा टाकी बदललीत. नळाला पाणी येतंय का, ते कोणी बघितलं?"

पनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं करून कोणी सांगू शकलं नसतं.

त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट. गाडी चालू करून रेस दिली. आकडा चौदापर्यंत चढायला हवा होता, तो जागचा हलला नाही. "बॅटरी बिचारी बरी आहे. तिला कोणी जेवायला घालत नाही, एवढंच." मग त्यांनी इंजिनची वीज बॅटरीला पचेल अशी करून देणाऱ्या रेक्टिफायरचा जोड उघडून त्यातला हिरवा गंज घासून काढला, कारण आमच्याकडे खाडीची हवा पितळेला खाते. तरीही आकडा चढला नाही. शेवटी इंजिनकडून येणाऱ्या तारा मोकळ्या करून एक सुई तारेला आणि एक इंजिनच्या अंगाला टेकवली. मीटर पीक करून ओरडला. या तारेचा इंजिनच्या अंगाशी संबंध येता कामा नये, आणि इथे तर येत होता.

"कॉईल जळलीय. वीज तिच्यातच तयार होते. शुक्रवारी दुकान बंद असतं, घरून घेऊन जा. भरून ठेवायला सांगतो."

"नवीनच टाका की."

"नवीन आणू, पण ती कुठल्यातरी मशीनवर भरलेली येणार. आमच्या घरची एकदा लावून बघा."

कॉईल भरणं म्हणजे काय ते मला त्या शुक्रवारी कळलं. मोहल्ल्यात पहिल्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीशी सतरंजीवर मुबीनाभाभी बसल्या होत्या. मांडीवर लाकडी पाट, पाटावर पत्र्याच्या चकत्या रचून केलेलं तळहाताएवढं चाक. त्या चाकाला बाहेरून दात होते आणि प्रत्येक दाताभोवती त्या तांब्याची बारीक तार गुंडाळत होत्या. वळशाला वळसा लागून, एकही तार दुसरीवर चढू न देता. डाव्या हातात लाकडी मण्यांची माळ होती. ठरावीक वळसे झाले की एक मणी पुढे. ही माळ जपाची नव्हती, फक्त या कामाची होती. काम चालू असताना त्या कोणाशी बोलत नसत. फारूकभाईंनी मला दारातच बोटाने थांबवलं होतं. शेवटचा दात भरून झाल्यावर भाभींनी तार कापली, दोऱ्याची गाठ मारली आणि मग मान वर करून म्हणाल्या, "या भाऊ. ह्यांनी तुम्हाला ताटकळत उभं केलं ना? मोजणीत कोणी बोललं की मी पहिल्यापासून मोजते आणि मग ह्यांना जेवायला उशीर होतो. म्हणून एवढी शिस्त."

त्यांचे वडील उरणला पंखे आणि पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे. मुलगा नव्हता. मुलीची बोटं बारीक आणि नजर तेज, म्हणून तिला शिकवलं. लग्नात वडिलांनी भांड्यांबरोबर तारेचं एक रीळ आणि वार्निशचा डबा दिला, आणि सासरच्या बायका त्यावरून खूप हसल्या, असं त्याच मला सांगत होत्या. "मला म्हणायच्या, दुल्हन आली की इलेक्ट्रिशियन आला?"

"दोन्ही आले," फारूकभाई म्हणाले. "निकाहात मेहेर एकदाच दिला, मिळाले दोन."

ती कॉईल माझ्या गाडीत बसली आणि मी ती गाडी विकेपर्यंत पुन्हा बॅटरीचं नाव काढावं लागलं नाही. ओळख मात्र राहिली. रमा, माझी पत्नी, आणि भाभी यांचं चांगलं जमलं. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे यायचा, आमच्या करंज्या तिकडे जायच्या. पुढे त्यांच्याच समोरच्या इमारतीत आम्ही ब्लॉक घेतला, तेव्हा तर रोजचंच जाणं-येणं झालं.

भाभींना साखरेचा आजार तरुणपणापासून होता. त्यांची एकुलती मुलगी जास्मीन लग्न होऊन कुवेतला गेली, त्या सुमाराला डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरतं म्हणाले डॉक्टर. लेसर झालं, सुया झाल्या. एका डोळ्याने साथ सोडली, दुसऱ्याला काचेवर धूर धरल्यासारखं दिसू लागलं.

त्या दिवसांत त्या घरात एक नवी पद्धत पडली. भाभी विचारायच्या आणि फारूकभाई सांगायचे. दार वाजलं, कोण आहे? दूधवाला. डाळीत खडा आहे? नाही. ओढणी कुठल्या रंगाची धरलीय मी? हिरवी, कुर्ता पिवळा आहे, बदल. फारूकभाई कधी कंटाळले नाहीत. आणि भाभींनी एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. फारूकभाई जे म्हणाले ते त्यांनी पाहिलं, असाच त्यांचा व्यवहार होता. एकदा माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "भाऊ, माझे डोळे गेलेत असं लोक म्हणतात. गेले कुठे? ते हे काय, लुंगी नेसून बसलेत."

इलाजाचे तीन महिने सोडले तर कॉईल भरणं मात्र थांबलं नव्हतं. बोटांना वाट पाठ होती. नखाने वळसा चाचपायचा, माळेने मोजायचं. एवढंच होतं की त्यांनी फारूकभाईंकडून एक कबूल करून घेतलं होतं. तेव्हाही मी तिथे होतो. त्या म्हणाल्या, "डोळे गेले ते अल्लाच्या मर्जीने. हाताचं तसं नाही. माझी कॉईल फसली तर त्याच दिवशी मला सांगायचं. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली आणि मी इथे खुशीत बसलेय, असं व्हायला नको."

"सांगेन."

"कसम घ्या."

"खुदाकसम. आता चहा तरी देशील?"

दोन हजार अकरामध्ये नेरे गावच्या दीपेशची गाडी बंद पडली. हा आगरी पोरगा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर होता. त्याच्या गाडीचं इंजिन बॅटरीवरच पेटायचं, त्यामुळे बॅटरी मेली की गाडीही मेली. कळंबोलीच्या सर्कलवर मधोमध, चहूबाजूंनी ट्रेलर, आणि हा गाडी ढकलतोय. दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला तेव्हा मी गाडीची वायर बदलून घ्यायला तिथे बसलो होतो.

"चाचा, तुमची कॉईल हाय का दिवाळीचा फुलबाजा? दोन महिन्यांत विझली."

"तूच काहीतरी जादाचे दिवे लावले असशील. तुम्हा लोकांना गाडीची वरात काढल्याशिवाय चैन पडत नाही."

"एक बी नाय लावला. आईशपथ. मागून ट्रेलरवाला शिव्या देतोय, मी आपला ढकलतोय. एक टेम्पो असा घासून गेला, बघा, हा आरसाच गेला. आमी मेलो असतो ना चाचा, तर तुमाला तेराव्याचं जेवायला यायला लागलं असतं."

फारूकभाई हसले. मीटर लावला. चौदा चढला नाही. जोड स्वच्छ होता. सुई तारेला, सुई इंजिनला. मीटर ओरडला. त्यांनी झाकण उघडून कॉईल बाहेर काढली, उजेडात धरली आणि चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहत राहिले. मीही पाहिलं. एका दाताच्या काठावर आतला कागद सरकला होता आणि तार वळताना काठावर घासून तिच्यावरचं लाखेसारखं आवरण खरवडलं गेलं होतं. इंजिन तापत-थरथरत राहिलं आणि तिथेच ती लोखंडाला टेकली. ज्याला तो काठ दिसला असता त्याने तार तिथे घातलीच नसती.

"काय झालं चाचा?"

"रेक्टिफायर," फारूकभाई म्हणाले. "रेक्टिफायर खराब होता, त्याने कॉईल खाल्ली. कंपनीचा माल आजकाल असाच येतो."

दीपेश गेल्यावर त्यांनी ती कॉईल फडक्यात बांधली आणि गल्ल्याखाली ठेवली. मला म्हणाले, "गद्रेसाहेब, आज संध्याकाळी जाऊन सांगतो. कसम आहे."

त्यांनी सांगितलं असेल असं मी धरून चाललो.

नंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी टपरीच्या मागच्या बाजूला गाडी लावायला गेलो. फारूकभाई उकिडवे बसले होते. समोर विटेवर एक कॉईल. हातात पेटता ब्लो-लँप, त्याची निळी ज्योत ते त्या कॉईलवर फिरवत होते. वार्निशचा कडू धूर निघत होता. कॉईल नवी होती. तांबं अजून चमकत होतं, आणि शेवटच्या दातावर भाभींची गाठ होती, जी मला आता ओळखू यायची.

"फारूकभाई, ही तर नवी आहे."

"नवीच. सकाळी घरून आणली." ते ज्योत फिरवत राहिले. "आता जळकी झाली. उद्या घरी नेईन, म्हणेन एक गिऱ्हाईक आलंय, भरून पाहिजे. ती जुनी तार काढेल, पुन्हा भरेल. परवा मी इथे आणेन."

मला समजायला वेळ लागला. "आणि गिऱ्हाईकांना?"

"त्यांना तयार कॉईल लावतो. दुकानात डब्यात मिळते आता. भरून घ्यायला येतंच कोण? दीपेशनंतर मी तिची एकही कॉईल कोणाच्या गाडीला लावलेली नाही. दहातली एक फसते, पण कुठली फसेल ते मला बाहेरून कळत नाही. कोणाचा जीव जाईल."

"मग तिला एवढंच सांगा ना, की आता तयार कॉईली मिळतात, भरायचं काम येत नाही. हे तर खरंच आहे. तिच्या हाताचा प्रश्नच येणार नाही."

त्यांनी लँप बंद केला. कॉईल चिमट्याने उलटी केली. "जास्मीन गेली ना, तेव्हा डोळ्यांच्या इलाजात तीन महिने काम बंद होतं. साहेब, तुम्ही मुबीनाला हात मांडीवर ठेवून बसलेली बघितली नाहीत. मी बघितलीय. सकाळी जशी ठेवून गेलो तशी संध्याकाळी. दिवा लावला नव्हता, म्हणाली मला कशाला लागतो. तार हातात आली तेव्हा परत बोलायला लागली." मग म्हणाले, "खोटं बोलतोय ते मला कळतं. पण ती विचारते, चार्जिंग आली? मी म्हणतो आली. तेव्हा तिचा चेहरा तुम्ही बघा एकदा."

मी त्यांना बरोबर म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही. नवरा-बायकोमधली गोष्ट, त्यात तिसऱ्याने सही करायची नसते. रमाला मात्र मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली आणि म्हणाली, "देवा, हे भाभींना कधी कळू नये."

कळलं ते पुढच्या वर्षी. मी तेव्हा त्यांच्याच घरी बसलो होतो. जास्मीनने कुवेतहून खजूर पाठवले होते, त्यासाठी भाभींनी हाक मारली होती. फारूकभाई जेवून खाटेवर टेकले होते. भाभी खिडकीशी, नेहमीच्या जागी. पाट भिंतीला टेकवलेला.

"काल नेलेली कॉईल लावली?" त्यांनी विचारलं.

"लावली की."

"कोणाच्या गाडीला?"

"आपल्या दीपेशचा दोस्त आहे. त्याच्या."

"चार्जिंग आली?"

"झकास. चौदा."

"लगेच आली की रेस दिल्यावर?"

"रेस दिल्यावर. तू तर आज मीटरच घेऊन बसलीस."

"हेडलाइट लावून बघितलं?"

"हेडलाइट लावूनसुद्धा साडेतेराच्या खाली नाही. विचार गद्रेसाहेबांना, ते तिथेच होते." आणि त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्याने विनवलं.

मला काही बोलावं लागलं नाही. भाभींनी माझ्याकडे तोंडच वळवलं नाही.

"मी सगळे दात एकाच दिशेने भरले होते," त्या म्हणाल्या.

हे कळायला मला फारूकभाईंच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. नंतर त्यांनीच मला समजावून सांगितलं. इंजिनमधलं लोहचुंबक फिरतं तेव्हा त्याची एक बाजू आणि लगेच उलटी बाजू अशी आळीपाळीने प्रत्येक दातासमोरून जाते. म्हणून एक दात उजवीकडून भरायचा, पुढचा डावीकडून. सगळे एकाच बाजूने भरले तर एका दाताने कमावलेलं शेजारचा दात खाऊन टाकतो. तार शाबूत, कॉईल दिसायला देखणी, पण मीटर बॅटरीच्या साडेबाराच्या वर जाणार नाही. चौदा तर सोडाच. अशी कॉईल कुठल्याही गाडीला लावली असती तर पहिल्या किकलाच फारूकभाईंना कळलं असतं, आणि ते ओरडत घरी आले असते की आज तुझं लक्ष कुठे होतं.

ते ओरडत आले नव्हते. चौदा म्हणाले होते.

"त्या चाकाच्या एका दाताला टवका आहे," भाभी म्हणाल्या. "नखाला लागतो. चार वेळा लागला. मला वाटलं, असतील दोन चाकं सारखी. मग वाटलं, असतील. मग म्हटलं, एकदा उलटं भरून बघू. दोन दिवस मी दुआ करत होते की तुम्ही येऊन मला शिव्या द्याल."

फारूकभाई उठून बसले. "मुबीना."

"दीपेशच्या गाडीपासून?"

त्यांनी मान हलवली.

"मान हलवू नका. बोला. मला दिसत नाही."

"हो," ते म्हणाले.

"म्हणजे त्याची कॉईल फसली होती."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, रेक्टिफायर."

मी खजुराची पुडी हातात धरून उभा होतो, आणि निघावं की बसावं तेही मला सुचेना. भाभी भिंतीचा आधार घेऊन उठल्या. मोरीकडे गेल्या, हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "भाऊ, चहा घेणार?"

त्या दिवसापासून त्यांनी तारेला हात लावला नाही. मला वाटलं होतं, भांडण होईल, रडारड होईल, चार दिवसांनी निवळेल. तसं काहीच झालं नाही. त्यांनी अबोला धरला नाही. डबा वेळेवर मिळत होता. फारूकभाईंचा शर्ट चाचपून त्याच्या तुटलेल्या गुंड्या लावून देत होत्या. फक्त एक गोष्ट घडली, आणि ती आम्हाला हळूहळू लक्षात आली.

दूधवाला आला की फारूकभाई म्हणायचे, दूधवाला आहे. भाभी दाराशी जाऊन विचारायच्या, कोण? तो म्हणायचा, मी, दूधवाला. मग भांडं पुढे करायच्या. रमा गेली की ओढणीचं टोक तिच्यासमोर धरून म्हणायच्या, "वहिनी, हा रंग कुठला?" रमा म्हणायची, निळा. "हो, हेही निळाच म्हणाले होते." जास्मीनचा फोन आला की फारूकभाई सांगायचे, पोरगी खुशीत आहे. भाभी फोन घेऊन तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारायच्या. यात टोमणा नव्हता, राग तर मुळीच नव्हता. एका दुकानात एकदा वजनात फसल्यावर माणूस दुसरीकडे तोलून बघतो, तितक्या साधेपणाने त्या ते करत होत्या.

एकदा रमाने विषय काढला. म्हणाली, "भाभी, त्यांनी तुमच्यासाठीच केलं ना ते."

"मला माहीत आहे, वहिनी. माझ्यासाठीच केलं. त्यांच्या मनात खोट नाही." त्या लसूण सोलत होत्या. "पण आता ते म्हणाले चंद्र दिसला, तर मला वाटतं, माझ्यासाठीच म्हणत असतील. दिसला नसेल. मी काय करू? मला दुसरे डोळे नाहीत."

फारूकभाईंनी आपल्या परीने उपाय शोधला. ते खरं बोलू लागले, नको तेवढं खरं. भात कच्चा राहिलाय म्हणायचे. तुझे केस फार पांढरे झाले म्हणायचे. सतरंजीला भोक पडलंय, भिंतीला ओल आलीय, तू बारीक झालीयस. ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोला लागेल असा शब्द उच्चारला नाही, तो रोज असा एकेक शब्द मोजून पुढे ठेवायचा, जणू त्याने विश्वास परत भरून निघेल. भाभी ऐकून घ्यायच्या. "हो का?" म्हणायच्या. आणि रमा आली की तिला विचारायच्या, "वहिनी, मी बारीक झालेय?"

टपरीवर ते पूर्वीसारखेच गिऱ्हाईकांची थट्टा करत. पण मीटरचा आकडा सांगताना त्यांना एक सवय लागली. गिऱ्हाईकाला हाताला धरून जवळ ओढायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच वाचा. मी सांगत नाही." दीपेश एकदा म्हणाला, "चाचा, मला कशाला दाखवता, मला त्यातलं काय कळतंय? तुमी बोला, आमी मानतो." फारूकभाई म्हणाले, "तू वाच. मोठ्याने वाच." दीपेशने तेरा पॉइंट नऊ वाचलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हातारा बिघडला अशा अर्थाने. दीपेशला काय सांगणार?

दोन हजार चौदामध्ये त्यांनी टपरी दुपारीच बंद करायला सुरुवात केली आणि घरी थांबू लागले. भाभींचा दुसरा डोळाही गेला होता. आता उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना कळे. दिवसभर दोघं त्या खोलीत असत. ते वर्तमानपत्र वाचून दाखवत, त्या ऐकत. हात मांडीवर ठेवून.

साखर वाढत होती. डॉक्टरांनी घरी तपासायचं मशीन घ्यायला लावलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर, आणि आकडा येतो. त्या आकड्यावर इन्सुलिन किती ते ठरतं. बोट टोचायचं काम फारूकभाई करत. तांब्याच्या तारेने घट्टे पडलेलं ते बोट, सुई सहज आत जात नसे. ते दोन्ही हातांनी धरून फुंकर घालत आणि टोचत.

पहिल्या दिवशी आकडा आला तेव्हा मी ऑफिसातून परतत होतो. गाडीचा आवाज ओळखून खिडकीतून भाभींनी हाक मारली. "भाऊ, जरा वर येता?"

मी गेलो. फारूकभाई मशीन हातात घेऊन उभे होते.

"जरा त्यातला आकडा वाचा."

मी वाचला. "दोनशे बेचाळीस."

"हेही तेवढाच म्हणाले," भाभी म्हणाल्या. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान हलवली. "बरं झालं. बसा, पाणी घ्या."

मी पाणी प्यायलो. आकडा फारसा चांगला नव्हता. त्यांना धीर द्यायचा म्हणून कोणीही तो कमी करून सांगितला असता, दोन वर्षांपूर्वी फारूकभाईंनी नक्कीच सांगितला असता. आता त्यांनी एका आकड्याचाही फरक केला नव्हता. तसं मी म्हणालो. "फारूकभाईंनी अगदी बरोबर सांगितलं, भाभी."

"हो. आज बरोबर सांगितलं."

तेव्हापासून ते माझं नेमाचं काम झालं आहे. संध्याकाळी ऑफिसातून आलो की आधी समोरचा जिना. आकडा कधी चढतो, कधी उतरतो. फारूकभाईंनी सांगितलेला आणि मी वाचलेला यांत आजपर्यंत एकदाही फरक आलेला नाही. मी हे भाभींना दर वेळी सांगतो. त्या दर वेळी ऐकतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, तेव्हा आम्ही पुण्याला मुलाकडे जावं असं रमाच्या मनात आहे. ते भाभींना कसं सांगायचं हे आम्हा दोघांनाही कळत नाही.

भाभींना आता हाक मारावी लागत नाही. मी दारात दिसलो की फारूकभाई स्वतःच मशीन माझ्यापुढे धरतात. मी आकडा मोठ्याने वाचतो. तेवढा वेळ ते खिडकीकडे तोंड करून उभे असतात आणि भाभींनी "बरं" म्हणेपर्यंत वळत नाहीत.